आंबोण

मला आंबट बिअर आवडते, हे एवढंसं वाक्य लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. कडू बिअर मला कधीच जमली नाही. ऑफिसच्या पार्टीत कुणीतरी आग्रहाने ग्लास पुढे करायचं आणि मी एक घोट घेऊन बाकीची शेजारच्या कुंडीला द्यायचे. कडूच प्यायचं तर घरी कारलं आहे की. पण तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी, माझ्या मुलीने माझ्यापुढे एक निमुळता ग्लास ठेवला. आतला रंग मी लगेच ओळखला. कोकमासाठी रातांबे फोडताना बोटांना लागतो आणि दोन दिवस निघत नाही, तो. वरचा फेससुद्धा गुलाबी होता.

पहिल्या घोटाला कानामागच्या शिरा ओढल्या गेल्या. मग मीठ लागलं. मग गारवा घशातून खाली उतरला आणि तोंडात सोलांची चव मागे राहिली. मी ग्लास संपवला. मुलगी समोर बसून माझं तोंड बघत होती, कारण ती बिअर तिने केली होती. मायक्रोबायॉलॉजी शिकून ती करी रोडजवळच्या एका आवारातल्या बिअरच्या जागेत लागली होती. बाहेर बसायची टेबलं, आत काचेपलीकडे उभ्या स्टीलच्या टाक्या, आणि त्या टाक्यांची जबाबदारी हिच्यावर.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी तिथे जाते. आधी कैरीची येते, मग कोकमाची, मग जांभळाची, जी प्यायल्यावर जीभ शाळेतल्यासारखी जांभळी होते. करवंदाची एकदाच केली, ती फसली. पेरूची आली की ग्लासच्या काठाला तिखटमीठ लावून देतात. मी एका दुपारी एकच ग्लास घेते आणि तासभर पुरवते. ऊन उतरेपर्यंत तिथे बसण्यासारखं सुख मला या वयात दुसरं सापडलेलं नाही. आजूबाजूच्या टेबलांवरची पोरं मला कुणाची तरी आई समजतात, आणि ते बरोबरच आहे.

घरी मात्र माझ्या आईला आम्ही सांगितलं होतं की नात सरबताच्या कंपनीत आहे. खोटं माझं, मुलीचं नव्हे. ती चिडायची. "आई, मी काय चोरी करते का? आजीला एकदा माझ्या टाक्या दाखवायच्यात मला," म्हणायची. मी तिला गप्प करायचे. आमच्या घरात दारू हा शब्द काढायचा नाही, हा आईचा नियम होता. जावयालासुद्धा तिने लग्नाच्या बोलणीत विचारलं होतं, तेही चारचौघांत. मुलीला वाटायचं, आजी जुन्या वळणाची आहे. जुन्या वळणाची वगैरे काही नव्हती. कारण वेगळं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते. वडील गिरणीत साच्यांवर होते. पहिले काही महिने सगळ्यांनी आज मिटेल, उद्या मिटेल करत काढले. मग वडील मालवणकडे गावी गेले, निदान भात तरी पिकवू म्हणून. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत आई आणि मी अशा दोघीच राहिलो.

थोड्याच दिवसांत आईला काम मिळालं. शिवडीच्या तबेल्यात आंबोण घालायला जाते, असं ती चाळीत सांगायची. आंबोण म्हणजे गुरांसाठी पेंड, भुसा भिजवून केलेलं खाणं. मालवणी बाई, लहानपण गुरांमागे गेलेलं, कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. दादरच्या मंडईतून ती पिचकी केळी, काळे पडलेले चिकू, फुटके पेरू गोणत्यात भरून न्यायची. म्हशींना काय, सगळं चालतं! संध्याकाळी परतली की तिच्या अंगाला आंबूस, गोडसर वास यायचा. तोही आंबोणाच्या नावावर खपून गेला. ती आल्या आल्या चिंचेने आणि राखेने हात घासायची. मला वाटायचं, तिला म्हशींची किळस येते.

तबेला खरोखरच होता. आई त्याच्या मागच्या वाटेने पुढे जायची, खाडीकडे, तिवरांत. तिथे हातभट्टी होती. भट्टीशी तिचा संबंध नव्हता, तिचं काम त्याच्या आधीचं. पिंपात काळा गूळ फोडून घालायचा, पाणी, फळं, नवसागर, आणि रोज काठीने ढवळायचं. पिंपाला कान लावला की आत बारीक चरचर ऐकू येते. ती थांबली की माल तयार. मग भट्टीवाले यायचे आणि दुपारी चार वाजता आई घराकडे निघायची. पुढे त्याचं काय व्हायचं, कोण काय मिसळायचं, ते तिने कधी पाहिलं नाही. पाहायचं नाही असंच तिने ठरवलं होतं.

आमच्या शेजारच्या खोलीत साताऱ्याकडचे एक काका राहायचे, वडिलांच्याच खात्यातले. माझी इंग्रजीची स्पेलिंगं ते पाठ करून घ्यायचे. त्यांना स्वतःला इंग्रजी यायचं नाही, पण पुस्तक हातात धरून माझ्या चेहऱ्यावरून ते चूक ओळखायचे. आईला ते वैनी म्हणायचे. संपाच्या आधी ते पीत नव्हते. नंतर प्यायला लागले, आधी थोडी, मग रोज.

संपाच्या दुसऱ्या वर्षी ते एका सकाळी उठले आणि बायकोला म्हणाले, "दिवा का नाही लावलास?" बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मग म्हणाले, सगळं चुना फासल्यासारखं पांढरं दिसतंय. त्यांना परळला इस्पितळात नेलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. विषारी होती, एवढंच चाळीत कळलं. कुठे प्यायले ते कळलं नाही. कुणी वडाळा म्हणालं, कुणी शिवडी, कुणी आणखी कुठलं. पोलीस आले, दोन दिवस विचारपूस झाली, पुढे काही नाही.

त्या दिवसापासून आई शिवडीला गेली नाही. तबेला बंद झाला, असं तिने चाळीत सांगितलं. लालबागच्या एका खानावळीत ती चपात्या लाटायला लागली आणि पुढची पंचवीस वर्षं लाटत राहिली. काकींच्या घरी मात्र गावाहून आलेल्या फणसातला अर्धा, तांदळातला पायलीभर, असं तिने आयुष्यभर पोचवलं. मला तो शेजारधर्म वाटायचा. माझ्या बाळंतपणात एकदा तिने मला सगळं सांगितलं. मी नुकतीच आई झालेली, अंथरुणात पडलेली, आणि ही पायथ्याशी बसून मला पिंपाबद्दल सांगतेय. तेव्हा मला तिचा रागच आला. हे ओझं माझ्या अंगावर टाकायची वेळ आहे का ही, असं वाटलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "ता पिंप माझा होता काय दुसऱ्याचा, इतक्याच माका कळाक होया होता." त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही आणि मीही तिला बोलू दिलं नाही.

आता अशा बाईला मी कुठल्या तोंडाने सांगणार होते, की तुझी नात तेच करते, आणि मी ते आवडीने पिते?

गेल्या मे महिन्यात ते आपोआपच झालं. मुलगी दुपारी कामावरून सरळ घरी आली. सकाळपासून टाकीत पेरूचा गर ओतत होती. बाही कोपरापर्यंत भिजून वाळलेली. पाठीवरच्या पिशवीत माझ्यासाठी घरी न्यायची काचेची बाटली होती, कोकमाची. आत येताच तिने सवयीने आजीला मिठी मारली.

आई खुर्चीत बसून लसूण सोलत होती. तिने मान वळवली, नातीच्या बाहीला नाक लावलं, आणि एकदा खोल श्वास घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"तबेल्यासून इलंस काय गो?" आईने विचारलं.

मुलगी हसली. "कुठला तबेला, आजी?"

आई हसली नाही. तिने नातीचा हात धरून ठेवला. "खरा सांग. नवसागर घालतास?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिने माझं ऐकलं नाही, आणि आता वाटतं तेच बरं केलं. ती आजीच्या पायाशी बसली आणि सगळं सरळ सांगून टाकलं. सरबत नाही, बिअर. नवसागर नाही. जव भिजवून रस काढतो, त्याला आधी विरजण लावतो, दह्यासारखं, म्हणून ती आंबट होते. मग उकळतो, मग यीस्ट, मग फळ. आई एकेक गोष्ट ऐकत होती आणि मध्येच विचारत होती. ढवळता कशाने? ढवळत नाही, आजी. चरचर थांबली की काढता? आवाज नाही ऐकत, मोजतो, यंत्र आहे. पेरू बियांसकट घालता? नाही, गाळून. दोघी कारागीर बोलताहेत असं वाटत होतं. मला हसावं की रडावं कळेना.

मग आईने विचारलं, "आणि कोण मेलो तर?"

मुलगी गडबडली. "असं नाही होत, आजी."

"होता. मी बघलंय."

तिने नातीला शेजारच्या खोलीतल्या माणसाची गोष्ट सांगितली. मला बाळंतपणात सांगितली होती त्यापेक्षा थोडक्यात, आणि मान वर करून. माझी मुलगी सव्वीस वर्षांची. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग शास्त्र शिकलेलं माणूस बोलतं तसं, सावकाश म्हणाली, "आजी, गुळाने आणि फळांनी माणूस आंधळा होत नाही. ते तुझ्या पिंपातलं नव्हतं. नंतर कुणीतरी कारखान्यातलं स्पिरिट ओतलं असणार. जास्त चढावी म्हणून ओततात. तुझी काही चूक नाही."

हे वाक्य मी इतकी वर्षं आईला म्हणू शकले असते. मला ते माहीत नव्हतं असंही नाही. वर्तमानपत्रात कितीदा वाचलं होतं. पण विषय काढायचा नाही म्हणून मी गप्प बसले होते. त्या क्षणी मला माझी लाज वाटली.

आईने लसणाची ताटली बाजूला ठेवली. "वतणारो कोणय आसांदे," ती म्हणाली. "पिंप माझाच होता मा?"

मुलीने पिशवीतून बाटली काढली. का काढली कोण जाणे, तिला दुसरं काही सुचलं नसेल. बाटलीच्या गळ्याला चिठ्ठी होती, त्यावर हाताने लिहिलेले आकडे.

"ह्या काय?" आईने विचारलं.

"टाकीचा नंबर, आणि कितव्या खेपेची ते. प्रत्येक खेपेतली एक बाटली आम्ही बाजूला ठेवून देतो. उद्या कुणी म्हणालं की पिऊन त्रास झाला, तर ह्या आकड्यावरून कुठली टाकी, कुठला दिवस, कोण कामावर होतं, सगळं कळतं."

"कळता?"

"हो. आणि मी सकाळी प्रत्येक टाकीतलं स्वतः चाखते. चाखल्याशिवाय बाहेर देतच नाही."

आईने बाटली हातात घेतली. चिठ्ठीवरून बोट फिरवलं. चष्मा नव्हता, म्हणून मला आकडे मोठ्याने वाचायला सांगितले. मी वाचले. मग ती म्हणाली, "वत."

मी म्हटलं, "आई, अगं..."

"वत म्हणतंय मा."

मुलीने स्टीलच्या पेल्यात दोन बोटं बिअर ओतली. आधी स्वतः एक घोट घेतला, आजीला दाखवून, आणि मग पेला पुढे केला. आईने पेला नाकाशी नेला. तिने आधी जीभ लावली, मग घोट घेतला. तिचे डोळे बारीक झाले, गाल आत ओढले गेले. आंबटाने सगळ्यांचंच तसं होतं.

"ह्या तर तिवळ," ती म्हणाली. तिवळ म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात करतात ते सोलांचं मीठ घातलेलं पाणी. तिने आणखी एक घोट घेतला. तिला ते आवडलं होतं. माझ्या आईला शहात्तराव्या वर्षी बिअर आवडली होती, आणि त्या गोष्टीचा मला इतका आनंद झाला की पुढचं मी ऐकलंच नाही. तिला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

"मी एकदाय चाखूक नाय," ती म्हणत होती. "ढवळलंय, कान लावलंय, भरून दिलंय. चाखूक नाय. देवाक सांगी, माझा तोंड स्वच्छ आसा."

मुलगी घाईघाईने म्हणाली की चाखून काही कळलं नसतं, ओतलं ते नंतर. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. समजूत आजीची घालायची होती, ती आजीनेच नातीची घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमका आकड्यावरना कळता. माका कोण सांगतलो? फाल्यां माका नायगावाक घेवन चल. तिका विचारतंय."

मी नाही म्हणाले. काकींनी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, मुलाच्या घरी सुखात आहेत, चाळ पाडायला घेतल्यावर जवळच दुसऱ्या इमारतीत राहायला गेल्यात. कशाला जुनं उकरायचं? आणि तिने तुला हाकलून दिलं तर? मी बरंच बोलले, थोडं ओरडलेसुद्धा. आईने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती जरीकाठाचं पातळ नेसून दारात उभी होती.

काकींना आनंद झाला. त्यांनी आम्हाला पलंगावर बसवलं, पंखा वाढवला, सुनेला चहा टाकायला सांगितला. भिंतीवर काकांचा फोटो होता, ताजा हार घातलेला. आईने फोटोकडे पाहिलं आणि चहा यायचीसुद्धा वाट पाहिली नाही.

"मी तबेल्यात जायत नव्हतंय," ती म्हणाली. "थंय भट्टी होती. पिंपात गूळ-फळां मी घाली. त्येंच्या पोटात गेली ती माझ्या पिंपातली आसात. चाळीस वर्सां झाली, तुका सांगूक नाय."

काकींनी आईच्या गुडघ्यावर थाप मारली.

"आवो वैनी, मला काय ठावं न्हाई व्हय? ह्यांनी पाहिलं हुतं की तुम्हास्नी तिथं. घरी येऊन मला म्हनाले, कुनाला बोलू नगंस, वैनीची अब्रू हाय. म्या आजवर पोरांस्नीबी सांगितलं न्हाई."

काकी खुलल्या होत्या. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बोलायला मिळालं होतं.

"तवापासनं दुसरीकडं कुठं जातच न्हवते. मी भांडायचे, तर म्हनायचे, आगं, तिथं आपली वैनी हाय. तिच्या हातचं हाय, त्यात वंगाळ काय असनार न्हाई. लय इस्वास तुमच्यावर."

"त्या दिवशी?" आईने विचारलं. तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "त्या दिवशी खंय गेले होते?"

"तुमच्याकडंच जातो म्हनून गेले हुते," काकी म्हणाल्या. "वाटंत कुनीतरी भेटलं असंल, नेलं असंल दुसरीकडं. नशीब म्हनायचं, दुसरं काय? तुमच्या हातचं पिऊन कुनी मरल व्हय, वैनी? त्या दिवशी तुमच्याकडं पोचले असते, तर आज हितं बसले असते."

आईने माझ्याकडे पाहिलं. वाटेत कुणी भेटलेलं नव्हतं, हे तिला कळलं होतं आणि मलाही कळलं होतं. खोलीत ते फक्त काकींना कळलेलं नव्हतं.

सुनेने चहा आणून ठेवला. काकींनी आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागल्या.

"हात किती गार पडलाय," त्या म्हणाल्या. "च्या घ्या, वैनी."